बोट पाण्यात सोडण्याआधी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

एप्रिल उजाडला की न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींचे मेल सुरू होतात. मी कोस्ट गार्ड ऑक्झिलरीचा, म्हणजे अमेरिकी तटरक्षक दलाच्या स्वयंसेवी शाखेचा, स्वयंसेवक. बोटी तपासतो, सुरक्षिततेचे वर्ग घेतो. यंदाही प्रश्न तेच आले आहेत, म्हणून एकत्रच उत्तरं देतो.

मोफत तपासणीत काही कमी निघालं तर दंड होतो का?

नाही. काय कमी आहे ते फक्त तुम्हाला सांगतो. सगळं ठीक असेल तर स्टिकर मिळतं.

‘अर्ध्या तासात बोटीचं लायसन्स, पन्नासही राज्यांत चालेल’ अशी जाहिरात पाहून पैसे भरले, घरूनच परीक्षा दिली. चालेल ना?

बहुधा नाही. आपल्या राज्यात इंजिनाची बोट चालवायला जे प्रमाणपत्र लागतं, त्याची शेवटची परीक्षा पर्यवेक्षकासमोर बसून द्यावी लागते. अभ्यास घरून केला तर हरकत नाही. या जाहिरातींची मला चीड आहे. डॉलर तर जातातच, वर आपण शिकलो असं वाटायला लागतं, ते जास्त वाईट. कोर्सला नॅस्बलाची (राज्यांच्या बोटिंग-कायदा अधिकाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेची) आणि राज्याची, अशा दोन्ही मान्यता आहेत का ते आधी पाहा. शंका असेल तर पैसे भरण्यापूर्वी राज्य पोलिसांच्या मरीन विभागाला विचारा.

मी पट्टीचा पोहणारा. लहानपणी पंचगंगेला पूर असतानाही उड्या मारल्या आहेत. लाइफ जॅकेट बोटीत असतंच, पण घालायलाच हवं का? मित्र म्हणतात, पडलो तर तेवढ्यात घालता येतं.

घालायलाच हवं. आणि तुमचे मित्र जे सांगतात, ते मी दर वर्षी ऐकतो.

गेल्या मे महिन्यात एका गृहस्थांची बोट तपासत होतो. सहा जॅकेटं होती, नवी कोरी. पुढच्या सीटखाली, दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर कूलर, त्यावर नांगराचा दोर. म्हटलं, एक काढून घाला बरं. घड्याळ लावलं. बक्कल लागेपर्यंत सव्वादोन मिनिटं गेली, तीही धक्क्याला बांधलेल्या, न हलणाऱ्या बोटीत.

पंचगंगेचं पाणी आणि लेक होपॅटकाँगचं मेमधलं पाणी यांची बरोबरी होत नाही. हवा 80 अंश फॅरनहाइट असते, माणसं टी-शर्टवर असतात, पण पाणी 60च्याही खाली असू शकतं. अशा पाण्यात पडताक्षणी आपण न ठरवता मोठा श्वास ओढला जातो. तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. धाप आवरायला साधारण एक मिनिट लागतं. पाणी अगदी गार असेल तर हातपाय कामाचे राहतात ते दहाएक मिनिटं; मग बोटांना बक्कलसुद्धा लावता येत नाही. शुद्ध जायला तास लागू शकतो, पण जॅकेट नसलेला माणूस तोवर टिकत नाही. गारठण्याच्या कितीतरी आधी तो बुडतो, मग पोहण्यात कितीही तरबेज असो.

कोस्ट गार्डचे 2023चे आकडे पाहा. देशभरात बोटिंगच्या अपघातांत 564 माणसं गेली. त्यांतली सुमारे 75 टक्के बुडून, आणि बुडालेल्यांपैकी 87 टक्के लोकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये 1 नोव्हेंबर ते 1 मे या काळात 21 फुटांखालच्या बोटीत जॅकेट अंगातच हवं, असा कायदा आहे. तो उगाच केलेला नाही. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर गार पाण्याच्या मोसमात बोटीवर जाण्याआधी डॉक्टरांशीही बोला.

मुलगी पाच वर्षांची आहे. वाढत्या अंगाचं जॅकेट घेतलं तर दोन उन्हाळे निघतील का?

फ्रॉक वाढत्या अंगाचा घ्या, जॅकेट नको. आत लिहिलेलं वजन मुलीच्या आजच्या वजनाशी जुळायला हवं. सगळी बक्कलं लावून दोन्ही खांदे धरून वर उचला. हनुवटी किंवा कान आत गेले तर ते मोठं आहे. चालत्या बोटीत तिच्या वयाच्या मुलांना ते घालणं कायद्यानेच बंधनकारक आहे. अंदाज येत नसेल तर मुलीला घेऊन तपासणीला या, मी घालून पाहतो.

इंजिन बंद पाडणारी दोरी चालवणाऱ्याने अंगाला अडकवलीच पाहिजे का?

हो. 26 फुटांखालच्या बोटींना 1 एप्रिल 2021पासून वेगात असताना ती सक्तीची आहे. तुमच्या बोटीला काही सूट आहे का, ते तपासनिसाला विचारा.

ग्रीन कार्डवर आहे, बोटही नाही. ऑक्झिलरीत येता येईल?

बोट नसली तरी चालतं, पण अमेरिकन नागरिकत्व आणि वयाची 17 वर्षं पूर्ण लागतात. वर्गाला मात्र कुणीही बसू शकतं. जवळच्या फ्लोटिलाला, म्हणजे ऑक्झिलरीच्या स्थानिक गटाला, आजच फोन करून तारीख विचारा. जूनमध्ये, बोट भाड्याने घेऊन झाल्यावर, ‘या शनिवारी वर्ग आहे का’ असे फोन येतात, आणि तोवर जागा भरलेल्या असतात.