रिमोट डेस्कटॉपमध्ये रिझोल्युशन आपोआप बदलतं, काय करू?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉपला मोठा मॉनिटर लावला की रिमोट डेस्कटॉपमधली (म्हणजे दूरचा कॉम्प्युटर आपल्या पडद्यावरून चालवतो तिथली) अक्षरं मुंगीएवढी होतात, मॉनिटर काढला की खिडक्या पडद्याबाहेर जातात, आणि सेशनमध्ये, म्हणजे जोडणी चालू असताना, तिकडच्या डिस्प्ले सेटिंग्ज उघडल्या तर रिझोल्युशनचा पर्यायच बंद दिसतो. मीही यात बराच वेळ घालवलाय, तोही चुकीच्या मशीनवर शोधण्यात.

विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये समोरच्या कॉम्प्युटरचा खरा मॉनिटर तुम्हाला दिसतच नसतो. सेशनसाठी तिथे एक वेगळा, आभासी पडदा तयार होतो आणि त्याचं माप तुमच्या बाजूचं ॲप जोडणीच्या वेळी सांगतं. म्हणून तिथला पर्याय बंद असतो आणि तिकडचा ग्राफिक्स ड्रायव्हर बदलूनही फरक पडत नाही. दुरुस्ती तुमच्याच लॅपटॉपवर करायची.

लॅपटॉपवरच्या रिमोट डेस्कटॉप ॲपमध्ये, कनेक्ट करण्याआधी, 'शो ऑप्शन्स' दाबा, 'डिस्प्ले' टॅबवर जा. तिथली पट्टी पूर्ण उजवीकडे असेल तर 'फुल स्क्रीन', म्हणजे त्या क्षणी जो पडदा असेल त्याचं माप. तुमचा घोळ बहुधा इथेच आहे. पट्टी डावीकडे सरकवून 1920 बाय 1080 सारखं ठरावीक माप घ्या आणि 'जनरल' टॅबवरून 'सेव्ह ॲज' करा. मी अशा दोन फाइल्स ठेवल्यात, एक नुसत्या लॅपटॉपसाठी, एक मॉनिटरसाठी. जागा बदलली की सेशन तोडून दुसरी फाइल उघडतो. तिकडचं काम जिथल्या तिथे उघडंच राहतं, फक्त साइन आउट करायचं नाही.

खिडकीच्या डाव्या कोपऱ्यातल्या आयकॉनवर क्लिक केलं की 'स्मार्ट सायझिंग' सापडेल. ते रिझोल्युशन बदलत नाही, तयार चित्र ताणतं किंवा आक्रसतं. घाईत चालतं, पण दिवसभर त्यावर वाचू नका, अक्षरांच्या कडा धूसर होतात आणि डोळे दुखतात.

अक्षरांचा आकार हा मात्र स्केलिंगचा, म्हणजे अक्षरं-चिन्हं किती टक्के मोठी दाखवायची या सेटिंगचा भाग. पुन्हा जोडल्यावरही एखादं जुनं सॉफ्टवेअर बारीक किंवा धूसरच दिसत असेल, तर सगळं सेव्ह करून एकदा पूर्ण साइन आउट करा आणि परत आत या.

आणि हो, एनीडेस्क किंवा व्हीएनसी ही दुसरी रिमोट सॉफ्टवेअर्स वापरत असाल तर यातलं बरंचसं लागू नाही. ती सहसा समोरचा खराच पडदा दाखवतात, त्यामुळे तिकडे मॉनिटर जोडलेला नसेल तर रिझोल्युशन फार खाली येऊ शकतं. तिथे एचडीएमआयचा डमी प्लग, म्हणजे मॉनिटर जोडल्याचा भास करून देणारा छोटा प्लग, कामी येतो.