पित्ताची पिशवी काढली, मग कॅन्सर आला कुठून?

"खड्याचं साधं ऑपरेशन होतं जी. मधातच कॅन्सर कुठून आला?" वर्धा-यवतमाळकडच्या खेड्यांतून येणाऱ्या घरांकडून हा प्रश्न मी वर्षानुवर्षे ऐकते आहे. त्याच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला असतो: हे कोणामुळे झालं?

असेच एक कापूसवाले भाऊ मुलाला घेऊन आले (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत). बायकोची पित्ताची पिशवी दुर्बिणीने काढली, खडे शिशीत भरून हातात मिळाले, ती घरी आली. पुढे काढलेल्या पिशवीच्या तपासणीचा, म्हणजे बायोप्सीचा रिपोर्ट आला: कॅन्सर. तीन आठवडे तो कपाटात होता आणि काकूंना काही सांगितलेलं नव्हतं. गावात कोणी म्हणालं, चाकू लागला की पसरतो. म्हणून पुढच्या डॉक्टरांची तारीखही घेतली नव्हती.

"मीच तिले ऑपरेशनले नेलं. नेलं नसतं तं उठलाच नसता."

पहिल्या दोन भेटींत मी समजावलं. काढलेल्या शंभर पिशव्यांमागे एखादीत, बहुधा त्याहूनही कमी, असा कॅन्सर सापडतो. खडे आणि सुजेने जाडावलेल्या भिंतीमागे तो सोनोग्राफीतही लपू शकतो. ते मान हलवत राहिले, घरी जाऊन तसेच बसले. स्वतःला गुन्हेगार ठरवलेल्या माणसाला खरी माहितीही नुसती समजूत वाटते. माझा विश्वास आहे की घटनेपेक्षा त्या घटनेबद्दल आपण मनात घोकत असलेलं वाक्य माणसाला जास्त मोडतं. ते वाक्य त्याचं त्यानेच खोडावं लागतं.

तिसऱ्या भेटीत मी आजाराचं नावच काढलं नाही. कापसाचं विचारलं.

"बोंडअळी हाये. बोंड वरून हिरवंगार दिसते, फोडलं तं आत अळी."

"फोडल्यामुळे आली?"

"फोडल्यानं कायले येईन मॅडम? ते तं फुलात असतानाच शिरते. अळीनं मिटलेलं फूल, डोमकळी, पाह्यली नाही का तुमी? फोडलं म्हून दिस..."

वाक्य तिथेच थांबलं. मी एक शब्द बोलले नाही. पंखा फिरत होता. मुलगा बापाकडे बघत होता. बऱ्याच वेळाने भाऊ म्हणाले, "म्हंजे ऑपरेशन केलं म्हून सापडला." मग पहिल्यांदाच पुढचं विचारलं: "आता काय करावं लागते?"

त्या दिवशी मी समाधानाने घरी गेले, हे लपवत नाही. बोलतं करणं म्हणजे पुष्कळदा योग्य ठिकाणी गप्प बसणं असतं.

अशा प्रत्येक घराला मी हेच सांगते. रिपोर्टसोबत स्लाइड (तपासलेल्या तुकड्यांच्या काचपट्ट्या) आणि मेणातले ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) लॅबमधून मागून घ्या. मोठ्या ठिकाणी ते पुन्हा तपासतात. ऑपरेशनच्या कागदात पिशवी फुटली होती का, पित्त सांडलं का, ते लिहिलं आहे का बघा. रिपोर्टमध्ये 'टी' पुढे काय आहे ते विचारा; आजार पिशवीच्या भिंतीत किती खोल गेला ते त्यावरून कळतं. टी१ए म्हणजे आजार अगदी आतल्या थरात. पिशवी अखंड निघाली असेल तर बहुधा तेवढंच ऑपरेशन पुरतं. टी१बी किंवा त्यापुढे असेल आणि सीटी स्कॅनमध्ये आजार दूर गेलेला नसेल, तर पिशवीलगतचा यकृताचा भाग आणि जवळच्या लसिका गाठी काढायचं दुसरं ऑपरेशन सुचवतात, साधारण पहिल्यानंतर ४ ते ८ आठवड्यांत. काहींना केमो लागते. सगळ्यांचा आजार आटोक्यात येतोच असं नाही, आणि मी तसं वचन देत नाही. पण दोष शोधण्यात जे आठवडे जातात ते याच ४ ते ८ मधले असतात. पैशाची काळजी असेल तर रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (सरकारी योजनेच्या मदतनीसाला) भेटा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं विचारा. आणि ज्यांच्या घरी नुकतीच पिशवी काढली आहे त्यांनी, खड्यांची शिशी घरी आणलीत तसा बायोप्सीचा रिपोर्टही जाऊन आणा.

चौथ्या भेटीला काकू आल्या. भाऊंनी सुरुवात करायला घसा खाकरला, तोच त्या म्हणाल्या, "मले ठाऊक हाये. फोन आला का पोरगा आंगणात जाते. तुमी सांगत नव्हते, म्हून मी इचारत नव्हती."

भाऊंनी पिशवीतून रिपोर्ट काढला आणि त्यांच्या हातात दिला. काकूंना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, मग मुलाकडे दिला.

"पयलेपासून वाच. काही सोडू नको."