जर्मनीतील आरोग्य-तंत्रज्ञानाच्या व्यावसायिक गटांविषयी

सस्नेह नमस्कार,

आपण नाशिकमधील एका रुग्णालयाच्या माहिती प्रणालीचे काम पाहता, जर्मनीत याच क्षेत्रात येऊ इच्छिता, आणि त्यासाठी कोणत्या व्यावसायिक गटांचे सभासदत्व घ्यावे, असे आपण विचारले आहे. मीही नाशिकचाच असून इकडे जर्मनीत हेच काम करतो. माझ्या मते वर्गणी भरून मिळणारे सभासदत्व तूर्त बाजूला ठेवावे आणि जिथे लोक कामातील अडचणी सोडवत असतात, तिथे निघण्यापूर्वीच आपले नाव ओळखीचे करावे.

असे सर्वांत उपयुक्त ठिकाण म्हणजे एचएल-सेव्हन या १९८७ साली स्थापन झालेल्या मानक संस्थेच्या ‘फायर’ मानकाची, म्हणजे आरोग्य नोंदी एका प्रणालीतून दुसरीत पाठवण्याच्या ठरावीक पद्धतीची, झुलिप या संवादमंचावरील खुली चर्चा. तिथे नोंदणीला पैसे पडत नाहीत आणि जर्मनभाषक देशांसाठी स्वतंत्र विभागही आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या जोडणीचे काम आपल्या हातून झाले असेल, तर हे मानक आपल्याला परके नाही, कारण मिशनच्या नोंदींचे आराखडे फायरच्या आर-फोर आवृत्तीवर बेतलेले असून ते पुण्याच्या सी-डॅकमधील केंद्राने तयार केले आहेत. जर्मनीत आरोग्यसेवेच्या डिजिटल जोडणीचे काम पाहणाऱ्या गेमाटिक या संस्थेने रुग्णालयांसाठी ठरवलेले ‘इझिक’ हे जोडणीचे नियमही त्याच आवृत्तीवर आधारलेले आहेत. आपला आभा हा आरोग्य ओळख क्रमांक १४ अंकी, तर इकडच्या विमाधारकाचा कायम क्रमांक एक अक्षर आणि ९ अंकांचा. पण दोन्ही फायरमधील ‘पेशंट’ (रुग्ण) नोंदीच्या ‘आयडेंटिफायर’ (ओळख क्रमांक) या भागातच जातात आणि क्रमांक कोणत्या यंत्रणेचा, हे त्याच्या ‘सिस्टिम’ रकान्यातील पत्त्यावरून कळते. एवढे नेमके सांगणारा उमेदवार मुलाखत घेणाऱ्याच्या लक्षात राहतो.

‘मी नवीन आहे, मार्गदर्शन करावे’ एवढेच तिथे लिहिल्यास सहसा कोणी दखल घेत नाही. नोंदीचा छोटा नमुना, व्हॅलिडेटरने (नोंद मानकाप्रमाणे आहे का, हे तपासणाऱ्या साधनाने) दाखवलेली चूक आणि आपण आतापर्यंत काय करून पाहिले, हे तिन्ही द्यावे. नमुन्यातील रुग्ण मात्र काल्पनिकच असावा. खऱ्या रुग्णाची माहिती तिथे चिकटवणाऱ्यावर कोणी विश्वास टाकणार नाही, आणि ते योग्यच आहे. काही महिन्यांनी इतरांच्या सोप्या प्रश्नांना आपणही उत्तरे देऊ लागावे. २०२५ मध्ये सरकारी आरोग्य विम्याच्या सर्व सदस्यांसाठी इलेक्ट्रॉनिक रुग्णनोंद सुरू झाल्यापासून (ज्यांनी नकार कळवला ते वगळून) जोडणीचे प्रश्न इकडे पुष्कळ वाढले आहेत.

बर्लिनला दरवर्षी एप्रिलमध्ये भरणारे आरोग्य-तंत्रज्ञानाचे ‘डीएमईए’ प्रदर्शन इकडे आल्यावर जरूर पाहावे, पण केवळ त्यासाठी व्हिसा आणि विमानखर्च करू नये. ‘बीव्हीआयटीजी’ हा आरोग्य-तंत्रज्ञान कंपन्यांचा संघ असल्याने तो आपल्या उपयोगाचा नाही. १९६१ पासूनची ‘हिम्स’ ही आरोग्य-माहिती क्षेत्रातील संघटना मोठी आणि जुनी आहे खरी, परंतु तिचा लाभ व्यवस्थापकीय पदांवरील लोकांना अधिक होतो. झिंग या जर्मन व्यावसायिक संकेतस्थळावरील गटांत सामील व्हा, असा सल्ला अजूनही कोणी देईल. ते गट २०२३ च्या सुरुवातीलाच बंद झाले.

मराठी मंडळींचे व्हॉट्सॲप गट घर, अनामत रक्कम आणि मुलांची बालवाडी यांसाठी अमोल आहेत, नोकरीसाठी मात्र त्यांच्यावर विसंबू नये. तिथे रेझ्युमे पुढे पाठवणारे बहुतेक जण दुसऱ्याच क्षेत्रातले असतात. जर्मन भाषा बी-टू (कामापुरते सहज बोलता येईल अशा) पातळीपर्यंत नाशिकमध्येच शिकून घ्यावी; रुग्णालयाच्या बाजूने बैठकीला बसणाऱ्या परिचारिका आणि डॉक्टर आपल्या अडचणी जर्मनमध्येच मांडतात.

आणखी एक. इकडे जुन्या मालकाने दिलेल्या लेखी कार्यप्रमाणपत्राला मोठे वजन असते. राजीनामा देण्यापूर्वीच रुग्णालयाकडून इंग्रजीत, सही-शिक्क्यासह पत्र घ्यावे आणि त्यात केवळ पद व कालावधी न लिहिता आपण कोणत्या प्रणाली जोडल्या, कोणत्या विभागांना प्रशिक्षण दिले, हे नमूद करून घ्यावे. प्रणाली रोज वापरणाऱ्या मेट्रनबाईंनी वेगळे चार ओळींचे पत्र दिले, तर तेही सोबत जोडावे.