वाचकांचे प्रश्न : कादंबरीकार मंत्री वांग मंग

प्रश्न : चीनच्या एका सांस्कृतिक मंत्र्याला तरुणपणी एका कथेपायी शिक्षा झाली होती, असं वाचलं. मग तो मंत्री झाला कसा, आणि पद गेलं कशामुळे?

उत्तर : हे वांग मंग. जन्म १९३४ चा, बीजिंगचा. चौदाव्या वर्षी, कम्युनिस्टांची सत्ता यायच्या आधीच, ते भूमिगत पक्षात गेले. पुष्कळजण त्यांना बंडखोर समजून वाचायला घेतात आणि तिथेच चुकतात. ते पहिल्यापासून पक्षाचेच.

ती कथा सप्टेंबर १९५६ मध्ये ‘जनसाहित्य’ मासिकात आली. लिन चन हा तरुण शिक्षक पक्षाच्या कचेरीत रुजू होतो. पहिल्याच कामगिरीवर तो पोत्यांच्या कारखान्यात जातो, तर तिथले संचालक बुद्धिबळ मांडून बसलेले. तक्रार वर न्यावी, तर वरिष्ठ लिऊ शिवू यांना सगळं आधीच ठाऊक! कथेची मेख इथे आहे. लिऊ लबाड नाही, अडाणीही नाही. त्याला फक्त कशाचंच काही वाटेनासं झालंय. असा साहेब कुठल्याही तालुक्याच्या कचेरीत भेटेल.

१९५७ मध्ये खुद्द माओंनी कथेची बाजू घेतली. तरी १९५८ मध्ये वांग ‘उजवे’, म्हणजे पक्षविरोधी, ठरले. हा शिक्का ज्याची त्याची संस्था मारत असे. अध्यक्षांचा शब्द तिथे कामी आला नाही. आधी बीजिंगबाहेर अंगमेहनत, मग १९६३ च्या अखेरीस सहकुटुंब दूर वायव्येतला शिनजियांग प्रांत. तिथे इलीजवळच्या एका कम्यूनमध्ये, म्हणजे सामूहिक शेतीच्या वसाहतीत, ते उत्पादन तुकडीचे उपप्रमुख होते आणि तिथल्या लोकांची उइघुर भाषा उत्तम शिकले. १९७९ मध्ये शिक्का पुसला गेला, ते बीजिंगला परतले.

चीनचे तेव्हाचे सर्वोच्च नेते दंग श्याओपिंग यांच्या सुधारणांच्या काळात पक्षाला असाच माणूस हवा होता : निष्ठा जुनी, नाव लेखकांत मोठं. जून १९८६ मध्ये ते मंत्री झाले. १९८९ च्या जूनमध्ये बीजिंगच्या तिआनानमेन चौकातल्या आंदोलकांवर झालेल्या लष्करी कारवाईनंतर जखमी जवानांच्या भेटीला जायचं ठरलं, तेव्हा त्यांनी प्रकृतीचं कारण सांगितलं. सप्टेंबरात पद गेलं.

प्रश्न : पेजेच्या कथेवरून कोर्टकचेरी झाली, ती काय भानगड?

उत्तर : कथा १९८९ ची. एका घरात वर्षानुवर्षं सकाळी पेज नि लोणचं. नातवंडं लोणी-पाव, दूध, कॉफी आणवतात. पोटं बिघडतात, पैसा उडतो, आणि गाडी पुन्हा पेजेवर. सुधारणांची घाई आणि जुन्याचा हट्ट, दोन्हींची टर. पण १९९१ मध्ये ‘वन्यी बाओ’ या साहित्यविषयक वृत्तपत्रात छापलेल्या वाचकपत्राने घरातल्या म्हाताऱ्यात दंग शोधले! वांग यांनी दावा लावला. न्यायालयाने तो दाखलच करून घेतला नाही.

इंग्रजीतून वाचायचं तर ‘द स्टबर्न पॉरिज’ हा १९९४ चा संग्रह घ्या. शिनजियांगवरची मोठी कादंबरी १९७० च्या दशकात लिहिलेली, छापली २०१३ मध्ये. तिला २०१५ चा माओ दुन पुरस्कार मिळाला. हे माओ दुनही कादंबरीकार आणि कम्युनिस्ट चीनचे पहिले सांस्कृतिक मंत्री. मात्र मंत्री झाल्यावर त्यांच्या हातून एकही कादंबरी पुरी झाली नाही.