जजना कोणी निवडून दिलंय?

प्रश्न : आमदार आपण निवडून देतो, ते सभागृहात कायदा करतात आणि मग कोर्टातले दोन जज तो रद्द करून टाकतात. मग आम्ही मतदान करायचं तरी कशाला?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सांगलीहून प्रश्न आलाय म्हणून डान्सबारचंच उदाहरण घेतो, कारण २००५ ला बंदी आणली तेव्हा गृहमंत्री तुमच्या तासगावचे आर. आर. आबा होते. आबांचा हेतू वाईट होता असं मला आजही वाटत नाही. पण कायद्यात एक गंमत होती बघा, परमिट रूममध्ये, बिअर बारमध्ये नाच बंद आणि थ्री स्टार आणि वरच्या हॉटेलांत, जिमखान्यात चालू! म्हणजे श्रीमंतांनी बघितला तर करमणूक आणि बाकीच्यांनी बघितला की समाज बिघडतो. मुंबई हायकोर्टाने २००६ ला नेमकं हेच धरलं, की ही समानता नाही (कलम १४) आणि बायकांच्या रोजीरोटीच्या हक्कावर पण घाला आहे. घटनेच्या कलम १३ मध्येच लिहिलंय की मूलभूत हक्कांच्या आड येणारा कायदा तेवढ्यापुरता रद्द, म्हणजे जजनी हा अधिकार घरून नाही आणलेला.

आता निकाल लागला म्हणजे बार सुरू झाले का, तर नाही, स्थगिती होती, आणि सुप्रीम कोर्टाने शिक्कामोर्तब करेपर्यंत २०१३ उजाडलं. ज्या बाईचं काम २००५ ला गेलं तिला या आठ वर्षांचं कोण देणार? मला विचाराल तर कोर्टावर खरा राग यावरून यायला पाहिजे.

आणि तुमचं मत वाया गेलं म्हणता, तर पुढचं ऐका. २०१४ ला विधानसभेने चर्चासुद्धा न करता परत बंदी आणली, या वेळी स्टार हॉटेलांसकट सगळ्यांना. २०१५ ला सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. मग २०१६ ला सरकारने नवीनच कायदा आणला, बंदी नाही पण अटी एवढ्या की लायसन मिळूच नये. जानेवारी २०१९ ला कोर्टाने त्यातल्या सीसीटीव्हीची सक्ती, शाळा-देवळापासून एक किलोमीटर लांब वगैरे अटी उडवल्या, पण संध्याकाळी सहा ते साडेअकराची वेळ तशीच ठेवली. टिप द्यायला हरकत नाही, नोटा उधळायच्या नाहीत.