प्राणी पार्कमध्ये अजगर, मगर, कासव हातात देतात, ते योग्य आहे का?

तुम्ही विचारलंय की पार्कमध्ये अजगर गळ्यात घालून फोटो काढू देतात, मगरीच्या पिल्लाला हात लावू देतात, प्राणी तर एकदम शांत असतो, मुलांची भीतीपण जाते, मग त्यात वाईट काय? माझं उत्तर सरळ आहे, प्राणी जंगलातून पकडून आणलेला असेल तर हात लावू नका आणि मुलांनाही लावू देऊ नका. रेस्क्यू केलेल्या साप-कासवांच्या देखभालीत मी मदत करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तो शांत दिसतो इथेच आपली फसगत होते. कुत्रा घाबरला की शेपूट घालतो, केकाटतो, आपल्याला कळतं. सापाच्या किंवा कासवाच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही, आणि घाबरल्यावर त्यातले बरेच जागच्या जागी थिजतात, कारण शिकाऱ्यापासून वाचायचा तो एक मार्ग आहे, आणि लोकांना वाटतं माणसाळलाय. शिवाय त्यांचं शरीर बाहेरच्या तापमानावर चालतं, त्यामुळे गारठलेला साप मुळात जोरच करू शकत नाही.

मगरीचं तर मला फार वाईट वाटतं. तोंड उघडायचे तिचे स्नायू कमजोर असतात म्हणून साधी चिकटपट्टी गुंडाळली तरी जबडा बंद राहतो, पण त्याच जबड्यावर बारीक बारीक टिपके असतात ना, ते स्पर्शासाठी आपल्या बोटांच्या टोकांपेक्षाही जास्त संवेदनशील असतात, आणि नेमकं तिथेच आपण पट्टी लावतो आणि दिवसभर लोक हात फिरवतात. धडपड केली तर रक्तात लॅक्टिक अ‍ॅसिड साठतं, मोठ्या मगरी पकडताना दमून नंतर मेल्याचीही उदाहरणं आहेत. वाळवंटातलं कासव उचललं की भीतीने मूत्राशय रिकामं करतं, आणि तेच त्याचं साठवलेलं पाणी असतं, नंतर पाणी मिळालं नाही तर ते मरूही शकतं.

आता मुलांचं. सरपटणारे प्राणी धडधाकट दिसले तरी त्यांच्या आतड्यात साल्मोनेला नावाचा जुलाब-ताप आणणारा जंतू असू शकतो, विष्ठेतून तो कातडीवर, कवचावर, पिंजऱ्यावर येतो. १९९६ साली अमेरिकेत डेन्व्हरच्या प्राणिसंग्रहालयात कोमोडो ड्रॅगन हा भलामोठा सरडा बघायला आलेली बरीच मुलं आजारी पडली होती, त्यांनी प्राण्याला हात लावलाच नव्हता, भोवतीच्या लाकडी कठड्याला लावला होता. ज्यांनी नंतर हात धुतले ती जास्त करून आजारी पडली नाहीत. म्हणून ५ वर्षांखालची मुलं, म्हातारी माणसं आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांनी तर लांबच राहावं.

भीती जाते हे मी नाकारत नाही, खरंच जाते. पण पट्टी बांधलेली मगर बघून मूल काय शिकतं तर हिला हाताळलं तरी चालतं, आणि हे धोक्याचं आहे. पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांवर इग्वाना (मोठे सरडे) आणि कासवं माणसांना फारशी घाबरत नाहीत तरी २ मीटर अंतर ठेवायचा नियम आहे, आणि लोक तिथे बसून तासन् तास बघतात, कोणाचं काही अडत नाही.

बंदिवासातच जन्मलेला साप असेल, सांभाळणाऱ्याने स्वतः धरलेला असेल, पूर्ण अंगाला आधार असेल आणि मुलं दोन बोटांनी फक्त पाठीला हात लावत असतील तर मी विरोध करणार नाही. मात्र तिथल्या माणसाला विचारा, हा कुठून आला, आज किती वेळ बाहेर आहे, शेवटचं कधी खाल्लं. खाल्ल्यावर लगेच हाताळलं तर साप उलटी करतो, आणि कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ झाले की त्याला नीट दिसत नाही, त्या दिवसात त्याला बाहेर काढायलाच नको. जो खरंच सांभाळतो त्याला हे सगळं तोंडपाठ असतं, तो आनंदाने सांगेल. टाळाटाळ केली तर तिथे फोटोचे पैसे देऊ नका.