वाचक विचारतात : निम्मे लीजन फुटले कसे?

(या वेळी तीन पत्रं एकाच सिरीजबद्दल आली, 'वॉरहॅमर' गेमच्या भविष्यातल्या जगावरची 'होरस हेरसी', म्हणून एकत्रच घेतलीत. लीजन म्हणजे त्यातल्या सम्राटाच्या फौजा, प्रत्येकीचा प्रमुख सम्राटाने घडवलेला मुलगा; होरस त्यातलाच एक, सम्राटाविरुद्ध बंड करणारा. स्पॉयलर भरपूर आहेत, पहिली तीन पुस्तकं वाचायची असतील तर आधी वाचून या.)

प्रश्न : 'होरस रायझिंग' वाचलं, आवडलं, मग पुढची दोनही संपवली. पण बंड काही पटलं नाही. दोनशे वर्षं सम्राटासाठी लढलेला होरस एका जखमेनंतर पलटी मारतो आणि हजारो सैनिक लगेच त्याच्या मागे? – एक वाचक, सांगली

उत्तर : होरसपुरतं म्हणाल तर तुमचं बरोबर आहे, दुसऱ्या पुस्तकात लेखकाने गाडी टॉप गिअरला टाकलीय आणि स्वप्नात काहीबाही दाखवून एवढ्या मोठ्या माणसाला वळवलं हे मलाही तेव्हा खटकलं होतं, आजही खटकतं. पण सैनिकांचं तसं नाही हो. त्यांची तयारी पहिल्याच पुस्तकात झालेली आहे, फक्त ती लढाईच्या पानांवर नाही, त्यामुळे आपण भराभर पुढे जातो.

ते मेडल आठवतंय का? जुबाल हा होरसच्या लीजनमधल्या कॅप्टन लोकेनच्या हाताखालचा सार्जंट, तो पिसाटतो, स्वतःच्याच माणसांना मारतो आणि मरतो. मागे राहिलेल्या त्याच्या सामानात लोकेनला एक छोटं चांदीचं मेडल सापडतं, लॉजचं. लॉज म्हणजे सैनिकांची आपसातली गुप्त मंडळी, सम्राटाला असले प्रकार चालत नाहीत म्हणून चोरून भरणारी. लोकेन हाडाचा सरळ माणूस, त्याला हे आवडत नाही, पण दोस्त टॉर्गॅडन त्याला एकदा घेऊन जातोच. आपल्याला वाटतं आता काहीतरी काळं निघणार. निघतं काय, तर गप्पा! हुद्दा दाराबाहेर ठेवायचा, कॅप्टन आणि साधा सैनिक बरोबरीने बोलणार, चेष्टामस्करी, आणि इथलं बोलणं इथेच राहणार. लोकेनलाही त्यात वाईट काही दिसत नाही, आपल्यालाही नाही. मला अख्ख्या सिरीजमध्ये सगळ्यात भीतीदायक वाटलेला सीन हाच, राक्षसबिक्षस नंतरचे.

कारण पुढे डेव्हिन नावाच्या ग्रहाच्या चंद्रावर होरस जखमी होतो, लीजनच्या डॉक्टरांचे उपाय संपतात, तेव्हा त्याला उचलून डेव्हिनच्या देवळात नेतात ते हेच लॉजवाले. लोकेन विरोध करतो, त्याचं कोण ऐकतंय. त्या क्षणी तिथे फितूर असा कोणीच नाहीये (वेगळ्या लीजनमधून आलेला एरेबस सोडा, तो पहिल्यापासून पाताळयंत्री). बाप मरायला टेकलाय आणि पोरं मिळेल तो दरवाजा ठोठावतायत, एवढंच आहे ते. सम्राट हजारो प्रकाशवर्षं लांब टेरावर, म्हणजे पृथ्वीवर, जाऊन बसलेला, होरस मात्र रोज डोळ्यासमोर. मिठाला जागायचं तर कोणाच्या? तरी बरं, लढाईआधी शपथ कागदावर लिहून चिलखतावर लाखेने चिकटवणारी ही माणसं. पण कागदावर त्या दिवसाची कामगिरी लिहिलेली असते, मन कोणाकडे आहे ते थोडंच लिहितात त्यावर.

आणि नाव बघा ना. हे लूना वूल्व्ज, सोळावं लीजन. त्याचं पुढे 'सन्स ऑफ होरस' होतं. बंड अजून झालेलंही नाहीये आणि फौज लांडग्यांची राहिली नाही, एका माणसाची झाली.

म्हणूनच तिसऱ्या पुस्तकातलं इस्टवान तीन ग्रहावरचं प्रकरण इतकं लागतं. होरस चार लीजनमधून आपल्याला साथ न देणारे वेचून काढतो, त्यांना मोहिमेच्या नावाखाली ग्रहावर उतरवतो आणि वरून व्हायरस बॉम्ब टाकतो. म्हणजे अमुक लीजन निष्ठावान आणि तमुक गद्दार असं नव्हतंच, भेग प्रत्येक फौजेच्या आतून गेलेली होती, एका पंगतीत जेवणाऱ्यांच्या मधून. वरून सॉल टार्विट्झ जीव धोक्यात घालून खाली सांगायला येतो म्हणून थोडे तरी वाचतात, आणि तोही एम्परर्स चिल्ड्रन लीजनचा, ज्यांचा प्रमुख होरसकडे गेलाय! टॉर्गॅडनला मारतो अॅक्सिमंड, होरसच्या चार सल्लागारांमधला त्याचाच जोडीदार. ते वाचून मी पुस्तक दोन दिवस उघडलं नव्हतं.

प्रश्न : गेम खेळत नाही, तरी वाचता येईल का? आणि पन्नासच्या वर पुस्तकं खरंच वाचायची? – एक वाचक, पुणे

उत्तर : येईल, मी पण गेमचे छोटे पुतळे रंगवत बसत नाही. गंमत म्हणजे हे सगळं बंड जन्मालाच पुतळ्यांमुळे आलं. 1988 साली गेम्स वर्कशॉपने 'अॅडेप्टस टायटॅनिकस' नावाचा महाकाय यंत्रमानवांचा गेम काढला, आता खर्च वाचवायला बॉक्समध्ये दोन्ही बाजूंना एकाच साच्याचे पुतळे, मग एकसारखे पुतळे एकमेकांशी का भांडतायत? तर म्हणे यादवी आहे! कादंबऱ्या 2006 पासून. मुख्य सिरीज 54 पुस्तकांची, पुढे टेराच्या वेढ्याची वेगळी, ती 2024 ला संपली. सगळी वाचू नका, मधे बरंच पाणी घातलंय. पहिली तीन आणि मग चौथं, त्यात डेथ गार्ड लीजनचा गॅरो स्वतःच्याच लीजनपासून पळून बंडाची बातमी पोचवतो. तिथे थांबलात तरी चालतंय.

प्रश्न : वीस लीजनपैकी दुसरं आणि अकरावं गायब आहे, त्यांचं काय झालं ते कुठल्या पुस्तकात येतं? – एक वाचक, ठाणे

उत्तर : येत नाही. नोंदी पुसल्यात, त्यांच्या प्रमुखांचे भाऊ, म्हणजे बाकीच्या लीजनचे प्रमुखसुद्धा त्यांचं नाव काढत नाहीत. शोधत बसू नका, त्यापेक्षा रोमचा इतिहास उघडा. इ.स. 9 मध्ये जर्मनीतल्या ट्यूटोबर्गच्या जंगलात व्हारसचे तीन लीजन कापले गेले, 17, 18 आणि 19, आणि ते आकडे रोमने पुन्हा कुठल्याच लीजनला दिले नाहीत. त्यांना जंगलात नेऊन फसवणारा आर्मिनियस कोण, तर रोमच्याच सैन्यात अधिकारी असलेला, रोमचं नागरिकत्व मिळालेला आणि जन्माने तिथल्या चेरुस्की टोळीचा.